नळीभोवतीची चांदी

चांदीचा दागिना हातात आला की आपण आधी तो तोलून बघतो. जड लागला तर समाधान वाटते. हलका लागला तर ‘पोकळ दिसतोय’ म्हणून परत ठेवून देतो. वजनावर विकल्या जाणाऱ्या धातूबाबत ही सवय साहजिकच आहे. पण हाताने घडवलेल्या चांदीच्या कामात सर्वांत कसबी भाग पुष्कळदा पोकळच असतो, आणि तो म्हणजे नळी. कड्याची बिजागरी नळीची असते. खड्याचे कोंदण अनेकदा नळीचा एक काप असतो. कुडीच्या मागची फिरकी ही आतून आटे पाडलेली आखूड नळीच. गळ्यातला लांबट ताईत तर उघडउघड नळी, दोन्ही टोकांना टोपणे आणि वर दोरा ओवायला कड्या. ही घडण फार जुनी आहे. गांधार शैलीतल्या बोधिसत्त्वांच्या मूर्ती नीट पाहिल्या तर छातीवरून तिरप्या गेलेल्या दोरीत अशीच नळकांडी ओवलेली दिसतात, आणि त्या शिल्पांना दीड हजाराहून अधिक वर्षे होऊन गेली आहेत. दागिन्यात जिथे काही उघडते, मिटते, फिरते किंवा खडा धरून ठेवते, तिथे शोधले तर बहुतेक वेळा नळी सापडते.

पोकळ म्हणजे कमजोर, हा समज आधी हिशेबाने तपासून पाहू. ३ मिलिमीटर व्यासाची चांदीची भरीव दांडी घ्या आणि तेवढ्याच व्यासाची, ०.४ मिलिमीटर जाड भिंतीची नळी घ्या. चांदी ९२५ची, म्हणजे हजारात ९२५ भाग शुद्ध. लांबी १० सेंटीमीटर. भरीव दांडीचे वजन सुमारे ७.३ ग्रॅम भरते, नळीचे ३.४ ग्रॅम. निम्म्याहून अधिक चांदी वाचली. पण वाकण्याला होणारा विरोध मोजला, तर नळी भरीव दांडीच्या तुलनेत सुमारे ७१ टक्के ताठ निघते. याचे कारण असे, की दांडी वाकते तेव्हा खरा ताण तिच्या बाहेरच्या थरांवर येतो. मधल्या गाभ्याला फारसे काम नसते. तो गाभा काढून टाकला तरी ताठपणा फार उतरत नाही. गॅलिलिओने १६३८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या शेवटच्या ग्रंथात ही गोष्ट मांडली होती आणि उदाहरणे दिली होती पक्ष्यांच्या हाडांची आणि बोरूची. सोनारांना ती हातांच्या अनुभवातून त्याच्या कितीतरी आधी ठाऊक असणार.

आता ही नळी घडते कशी ते पाहू. आज चांदीची बिनसांध्याची नळी तयार मिळते. कारखान्यात जाड, पोकळ ठोकळ्यापासून सुरुवात करून ती ओढत ओढत बारीक करतात. तयार नळी वापरण्यात कमीपणा काहीच नाही. तरीही ज्याला चांदीचे काम मनापासून शिकायचे आहे त्याने निदान काही नळ्या पत्र्यापासून स्वतः ओढाव्यात, असे माझे ठाम मत आहे. कारण या एका कामात पत्रा, तार, ताव आणि डाख या चारही गोष्टींची परीक्षा होते, आणि हाताला धातूचा स्वभाव कळतो.

सुरुवात पत्र्याच्या पट्टीपासून होते. पट्टी किती रुंद हवी, याचे गणित शाळेतल्या वर्तुळाच्या परिघाचे आहे, पण त्यात एक खोच आहे. बाहेरचा व्यास धरला तर पट्टी जास्त होते आणि आतला धरला तर कमी पडते. म्हणून दोन्हींच्या मधला व्यास धरायचा, म्हणजे बाहेरच्या व्यासातून पत्र्याची जाडी वजा करायची. आपल्या ३ मिलिमीटरच्या नळीसाठी तो २.६ मिलिमीटर येतो. त्याला ३.१४ ने गुणले की पट्टीची रुंदी सुमारे ८.२ मिलिमीटर. पट्टीच्या कडा कानशीने अगदी समांतर करून घ्यायच्या. रुंदी कुठे जास्त, कुठे कमी राहिली तर तो दोष पुढे सांध्यात उमटतो आणि मग तो कशानेही जात नाही.

पट्टीचे एक टोक निमुळते कापतात. मग लाकडाच्या किंवा पोलादाच्या खोबणीत पट्टी ठेवून वर गोल सळई धरून हातोडीने ठोकतात, तशी ती लांबीत पन्हळीसारखी वळते. आता जंत्री. ही पोलादाची जाड पट्टी. तिच्यात ओळीने भोके, प्रत्येक भोक आधीच्यापेक्षा थोडे लहान, आत शिरण्याच्या बाजूने रुंद आणि बाहेर पडण्याच्या बाजूने अरुंद. तार ओढायची जंत्री तीच, नळी ओढायचीही तीच. पट्टीला मेण चोळायचे, निमुळते टोक भोकातून काढायचे, पलीकडून सांडशीत घट्ट धरायचे आणि एका दमात ओढायचे. मध्ये थांबलात तर त्या जागी खूण राहते. एकेक भोक पुढे जावे तशा पट्टीच्या कडा जवळ येत जातात आणि शेवटी एकमेकींना भिडतात.

कडा भिडायच्या आधीच्या टप्प्यात सांधा वळसा घेऊ पाहतो. सांधा तिरका झाला की नळी पिळलेली निघते. यावर कारागिरांची एक साधी, सुंदर युक्ती आहे. जंत्रीच्या तोंडाशी, नळी आत शिरते तिथेच, सुरीचे पातळ पाते सांध्याच्या फटीत धरून ठेवायचे. नळी ओढली जाते, पाते जागचे हलत नाही आणि सांधा सरळ रेषेत राहतो. एक जण ओढणारा आणि एक जण पाते धरणारा असला तर काम सुरेख होते. घरच्या पेढीवर हे काम लहान मुलाकडे सोपवण्यासारखे आहे. त्याची नजर तिथून तयार होते.

चांदी ओढताना कडक होत जाते. धातूच्या आत अणूंचे थर एकमेकांवरून सरकतात म्हणून तो वळतो. पण सरकण्याच्या रेषा वाढल्या की त्या एकमेकींत गुंतून अडकतात आणि मग तो वळत नाही, तडकतो. म्हणून चार-पाच भोकांनंतर ताव द्यावा लागतो. ९२५ची चांदी साधारण ६०० ते ६५० अंश सेल्सियसपर्यंत तापवली की पुन्हा मऊ होते. एवढ्या तापमानाला ती मंद लाल दिसते, पण ही लाली भर उजेडात दिसतच नाही. म्हणून तावाची जागा अंधारी ठेवतात. उघड्यावर उन्हात ताव द्यायला बसलेला नवशिका लाली दिसेपर्यंत तापवत राहतो, आणि लाली दिसते तेव्हा पातळ पत्र्याच्या कडा वितळू लागलेल्या असतात.

इथे थोडे मागे वळून पाहण्याजोगे आहे. जंत्रीचा वापर सर्रास होण्यापूर्वी प्राचीन इजिप्त आणि ग्रीसमधले कारागीर बारीक तार करायचे ती बऱ्याचदा पत्र्याच्या अरुंद पट्टीला पीळ घालून. पट्टी पिळत गेली की ती स्वतःभोवती गुंडाळली जाते. मग दोन सपाट फळ्यांमध्ये लाटून ती गोल करायची. ही तार खरे तर फार बारीक नळीच. तिच्या मध्यात पोकळी राहते आणि अंगावर मळसूत्रासारखी गोल फिरत जाणारी सांध्याची रेषा दिसते. जंत्रीतून ओढलेल्या तारेवर मात्र लांबीच्या दिशेने सरळ, समांतर ओरखडे असतात. संग्रहालयातले अभ्यासक सूक्ष्मदर्शकाखाली हाच फरक बघतात. अडीच हजार वर्षांपूर्वीचा म्हणून आणलेल्या दागिन्याच्या तारेवर सरळ ओरखडे दिसले, की तो नव्याने घडवल्याचा संशय पक्का होतो.

पुन्हा आपल्या नळीकडे. कडा भिडल्या, आता डाख द्यायचा. डाखाचा एक गुण नवशिक्यांना उशिरा कळतो. तो खड्डा भरत नाही, फटीत शिरतो. दोन पृष्ठभागांमधली जागा जितकी अरुंद तितका तो ओढला जातो. म्हणून सांध्यात उजेड दिसत असेल तर डाख वाढवून उपयोग नाही, पुन्हा जंत्रीकडे जायचे. सांधा नीट भिडला असेल तर नळीला लोखंडी बारीक तारेने जागोजागी बांधतात, टाकणखाराचे पाणी लावतात आणि डाखाचे छोटे छोटे तुकडे सांध्यावर ओळीने ठेवतात. मग आच. चांदी उष्णता अतिशय वेगाने वाहून नेते, धातूंमध्ये या बाबतीत तिचा पहिला क्रमांक. त्यामुळे फक्त सांध्यावर ज्योत धरून भागत नाही. सगळी नळी सारखी तापावी लागते. डाख नेहमी जास्त तापलेल्या जागेकडे धावतो. ज्योत वरच्या बाजूला रेंगाळली तर तो सांधा सोडून नळीच्या अंगावर पसरतो. खालून आच दिली तर तो सांध्यातून आत ओढला जातो. तोंडाने बाकनळी फुंकणारे जुने सोनार श्वास न तोडता ज्योत अशी फिरवत, की एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे डाखाची चकाकती रेघ धावत जाताना दिसे. आता बहुतेक ठिकाणी गॅसची बत्ती आहे. श्वास सांभाळायचा नाही, पण नजर तीच लागते.

डाखाबद्दल दोन गोष्टी स्पष्टपणे सांगायला हव्यात. एक शुद्धतेची. डाख लवकर वितळावा म्हणून त्यात तांबे आणि जस्त जास्त असते, चांदी कमी. समजा १० ग्रॅमच्या दागिन्यात ९.७ ग्रॅम चांदी ९२५ची आहे आणि ०.३ ग्रॅम डाख ७० टक्के चांदीचा आहे. सगळा दागिना वितळवून तपासला तर शुद्धता ९१८च्या आसपास येईल. नळीकामात सांध्याची लांबी खूप असते, म्हणून डाख जपूनच वापरावा लागतो, किंवा मुळातली चांदी थोडी अधिक शुद्ध घ्यावी लागते. दुसरी गोष्ट आरोग्याची. सोन्याच्या कामातून बदनाम झालेले कॅडमियम चांदीच्या काही डाखांतही असते. तापल्यावर त्याचा धूर निघतो आणि तो फुप्फुसांना व मूत्रपिंडांना गंभीर इजा करतो. खिडकी बंद असलेल्या खोलीत दिवसभर ज्योतीवर वाकून बसणाऱ्या माणसाला हा धूर सर्वांत आधी मिळतो. कॅडमियम नसलेला डाख मिळतो, थोडा महाग पडतो. तोच वापरला पाहिजे.

डाख दिलेली नळी पुन्हा जंत्रीतून ओढून आणखी बारीक करता येते. आत काहीही न घालता ओढली तर व्यास कमी होतो, पण भिंत जवळपास तेवढ्याच जाडीची राहते आणि आतली पोकळी आक्रसते. आतले भोक अमुकच मापाचे हवे असेल, म्हणजे बिजागरीची पिन त्यात बरोबर बसायची असेल, तर त्या मापाची पोलादी तार तेल लावून आत घालतात आणि दोन्ही एकत्र ओढतात. नंतर ती तार काढायची कशी? जंत्रीचे असे भोक शोधायचे ज्यातून पोलादी तार जाईल पण नळी जाणार नाही. तार त्यातून पलीकडे काढून ओढली की नळी जंत्रीला अडते आणि तार तिच्यातून निघून येते.

नळी कापणे वाटते तितके सोपे नाही. पातळ भिंतीत करवतीचा दात अडकला की नळी चेपते किंवा पाते तुटते. म्हणून सगळ्यांत बारीक दातांचे पाते घ्यायचे आणि नळी थोडी थोडी फिरवत चारी बाजूंनी कापायची. एकसारख्या लांबीचे तुकडे हवे असतील तर खोबण असलेला छोटा साचा वापरतात. त्यात नळी टेकते, टोकाला अडथळा असतो आणि पात्यासाठी चीर असते. काप काटकोनात आला नाही तर पुढचे सगळे काम वाकडे जाते, हे कोंदणात आणि बिजागरीत लगेच दिसते.

कोंदणाचे उदाहरण घेऊ. ३ मिलिमीटरचा गोल, पैलू पाडलेला खडा बसवायचा आहे. त्यासाठी बाहेरून ३.६ आणि आतून २.६ मिलिमीटर व्यासाची नळी चालते. आतली पोकळी खड्यापेक्षा लहान, म्हणून खडा खाली घसरत नाही. मग ३ मिलिमीटरच्या कोरणीने नळीच्या तोंडात आतून बैठक कोरतात. खड्याची कंबर या बैठकीवर टेकते आणि तिच्याभोवती ०.३ मिलिमीटर जाडीची कड उभी राहते. ही कड आत वळवली की खडा पक्का. वळवताना घड्याळाच्या काट्यांच्या क्रमाने गोल फिरू नये. समोरासमोरच्या बाजू आळीपाळीने दाबाव्यात. नाहीतर खडा एका बाजूला कलतो आणि कड दुसऱ्या बाजूला सुरकुतते. बैठक फार उथळ झाली तर कड कंबरेपर्यंत पोचत नाही, फार खोल झाली तर खड्याचे तेज कडेखाली दबून जाते. नळीच्या कोंदणाची मला आवडणारी गोष्ट म्हणजे ते खालून उघडे असते. उजेड आरपार जातो, आणि मागे साचलेला साबण, तेल, घाम मऊ ब्रशने काढता येतो.

पण नळीचे खरे वैभव बिजागरीत आहे. कड्याला, बाजूबंदाला, चांदीच्या कंबरपट्ट्याला, कुंकवाच्या करंड्याला, चुन्याच्या डबीच्या झाकणाला, सगळ्यांना बिजागरी लागते. तिची घडण अशी: एकाच नळीचे विषम संख्येने तुकडे, तीन, पाच किंवा सात. एकाआड एक तुकडे एका बाजूला जोडलेले, उरलेले दुसऱ्या बाजूला, आणि सगळ्यांमधून एक पिन. विषम संख्या यासाठी की दोन्ही टोकांचे तुकडे एकाच बाजूचे असले म्हणजे बिजागरीला पीळ बसत नाही. आधी दोन्ही पट्ट्यांच्या कडांवर गोल कानशीने अर्धगोल खाच काढतात. दोन्ही कडा जुळवल्या की नळी त्या खाचेत निम्मी बुडून बसली पाहिजे. मग तुकडे ओळीने लावून प्रत्येकाला आपापल्या बाजूला अगदी थोडा डाख देऊन नुसते टिपून घेतात. बिजागरी उघडून बाजू वेगळ्या करतात आणि मगच पूर्ण डाख देतात.

धोका असा की डाख शेजारच्या तुकड्यात शिरला की सगळी बिजागरी एक दांडी होऊन बसते. म्हणून जिथे डाख नको तिथे गेरूचा किंवा खडूचा दाट लेप लावतात; डाख मळलेल्या पृष्ठभागावर पसरत नाही. तुकडे एका रेषेत राहावेत म्हणून आत पेन्सिलीचे बारीक शिसे घालण्याची युक्तीही छान आहे, कारण ग्राफाइटला डाख चिकटत नाही. पिन मात्र शेवटी, पॉलिशही झाल्यावर घालायची. तिची दोन्ही टोके हलक्या हातोडीने पसरवायची. पिन कायमची जोडून टाकू नये असे मला वाटते. वीस-तीस वर्षांत झिजते ती पिनच. ती बदलता आली तर कडे पुन्हा पहिल्यासारखे मिटते. विकत घेताना कडे अर्धवट उघडून दोन्ही भाग वर-खाली हलवून बघा. उघडमीट सहज आणि आडवी हालचाल नाही, एवढे असले तर बिजागरी घडवणाऱ्याने मन लावून काम केले आहे.

नळी वाकवायची असेल तर ती चेपू नये म्हणून आत काहीतरी भरावे लागते. वाकताना बाहेरची भिंत ताणली जाते, आतली आकसते आणि दोन्ही एकमेकींकडे सरकून नळी चपटी होते. त्यावर उपाय म्हणजे कोरडी वाळू ठासून भरणे, राळ भरणे किंवा तांब्याची मऊ तार घालणे. सांधा नेहमी वळणाच्या आतल्या बाजूला ठेवावा. तिथे तो दाबला जातो, ताणला जात नाही, त्यामुळे उकलत नाही. शिसे असलेला कमी तापमानाचा मिश्रधातू भरण्याची पद्धतही आहे, पण ती मी सुचवणार नाही. शिशाचा कण जरी आत राहिला तरी पुढच्या तावात तो चांदीत उतरून भोक पाडतो.

सर्वांत गंभीर इशारा बंद नळीचा. नळीची दोन्ही टोके टोपणांनी बंद करून डाख द्यायला घेतली तर आतल्या हवेला वाट उरत नाही. २७ अंशांची हवा ७२७ अंशांना पोचली की तिचा दाब तिपटीहून अधिक होतो, आणि नेमकी त्याच वेळी चांदी मऊ पडलेली असते. आत आम्लाचा किंवा टाकणखाराच्या पाण्याचा थेंब असेल तर परिस्थिती आणखी वाईट, कारण पाण्याची वाफ शेकडो पटींनी जास्त जागा मागते. अशी नळी फुटून कारागिराचा डोळा जाऊ शकतो. म्हणून प्रत्येक बंद पोकळीला सुईएवढे भोक ठेवायचे. ताईताच्या टोपणावरचे बारीक छिद्र या सुरक्षेसाठीही असते. नळी आम्लात किंवा चिंचेच्या पाण्यात उजळल्यावर आतले आम्ल निपटून काढावे लागते. खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात उकळावे, मग साध्या पाण्यात, मग रिठ्यात घासावे. आत राहिलेले आम्ल महिन्यांनी सांध्यातून पाझरते आणि हिरवट डाग पडतात.

एवढे सगळे करून हाती येते तीन-चार ग्रॅमची वस्तू, आणि मोबदला ठरतो वजनावर. कोल्हापूर जिल्ह्यातली हुपरी पैंजणांसाठी आणि चांदीच्या साखळ्यांसाठी प्रसिद्ध आहे. अशा गावांतली आणि शहरांच्या सराफ कट्ट्यांतली घडणावळ पुष्कळदा वजनाच्या हिशेबाने चालते. भरीव, जड कामाला हा हिशेब ठीक आहे. नळीकामाला तो अन्यायाचा आहे. इथे कौशल्य जितके जास्त तितके वजन कमी, म्हणजे मजुरीही कमी. मग कारागीर तयार बिजागरी आणून चिकटवतो आणि आपण मात्र वर्षभरात कडे सैल झाले म्हणून तक्रार करतो. ग्राहकाने नगावर घडणावळ द्यायची तयारी दाखवली तर हे बदलेल. बिजागरी हातची आहे का, पिन बदलता येते का, एवढे दोन प्रश्न विचारले तरी दुकानदाराला कळते की समोरचा माणूस काम बघतो आहे.

नळीचे सर्वांत साधे रूप मण्यांचे. बारीक नळीचे आखूड तुकडे करून ओवले की सर अंगावर वाहत असल्यासारखा लोळतो. अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात अशा शेकडो बारीक नळ्यांचे पदरी हार १९७०च्या दशकात फार लोकप्रिय झाले होते. आपल्याकडे चांदीच्या नळ्या पोवळ्यांमध्ये किंवा काळ्या मण्यांमध्ये ओवतात. इथे एकच गोष्ट सांभाळायची. कापलेल्या नळीच्या तोंडाला आतून धारदार कड राहते आणि ती दोरा हळूहळू कापते. पटवेकऱ्याने कितीही पक्क्या गाठी मारल्या तरी सहा महिन्यांत सर तुटतो आणि दोष दोऱ्याला दिला जातो. प्रत्येक मण्याच्या दोन्ही तोंडांत गोल टोकाची कोरणी दोन वेढे फिरवायची, मग बारीक पॉलिश कागदाची सुरळी आतून ओढायची. दोनशे मण्यांच्या सरात अशी चारशे तोंडे असतात. सर घेताना एखाद्या मण्याच्या तोंडावरून सुती दोरा ओढून पाहावा. दोऱ्याचे तंतू निघाले नाहीत तर ती तोंडे साफ केलेली आहेत.